पिल्लं आधीच बुक झाली आहेत

पत्राचा गोषवारा: डिचोली तालुक्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या घरी झारा नावाची जर्मन शेफर्ड मादी आहे, वय वीस महिने. पुढे अंगण, मागे माडांची बाग. घरात ताई, त्यांचे यजमान, सासूबाई आणि नऊ व पाच वर्षांची दोन मुलं. झारा सगळ्यांच्या लाडाची, पण मुलं अंगणात पळू लागली की त्यांच्या टाचांना दात लावते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक स्कूटरबरोबर कुंपणाच्या आतून धावते. ताईंच्या मावसभावाकडे म्हापशाला जर्मन शेफर्ड नर आहे. दोन्ही कुत्री एकाच ब्रीडरकडून आणलेली. जुलैत झारा माजावर येईल तेव्हा दोघांचं जमवायचा बेत आहे. डॉक्टरांनी ‘तब्येत उत्तम’ म्हटलंय. सासूबाईंचं म्हणणं, मादीला एकदा तरी पिल्लं व्हायलाच हवीत, त्याशिवाय ती शांत होत नाही. ओळखीपाळखीत सात जणांनी पिल्लू सांगून ठेवलंय, आणि नराची फी म्हणून मावसभाऊ एक पिल्लू नेणार. ताई लिहितात, “मला धंदा करायचा नाही. चांगल्या घरांना निरोगी, मुलांत रमणारी पिल्लं मिळावीत एवढंच. पण कुठेतरी मन कचरतंय. काय करू?”

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. झाराचा एकही एक्स-रे झालेला नाही, नराच्या आईवडिलांचं काय झालं ते कुणाला ठाऊक नाही, पण पिल्लं घेणाऱ्यांची यादी मात्र तयार आहे. हा तुमच्या एकटीचा दोष नाही, आपल्याकडे सर्रास असंच चालतं. आधी मागणी येते, मग मागणीसाठी मादी शोधतात. तुम्हाला धंदा करायचा नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण पिल्लू हौसेतून जन्मलं म्हणून त्याचा खुबा आपोआप घट्ट बसत नाही.

आधी सासूबाईंचा मुद्दा घेऊ, कारण घरात वजन त्याचंच जास्त असणार. मादीला एकदा तरी पिल्लं झाली पाहिजेत याला वैद्यकीय आधार नाही. न व्यालेली मादी कुढत नाही आणि त्यामुळे आजारीही पडत नाही. वय वाढेल तसं गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो हे खरं, आणि तो जीवघेणा असतो हेही खरं. पण एकदा पिल्लं झाल्याने तो टळत नाही, गर्भाशय काढल्याने टळतो. राहता राहिलं शांत होणं. पिल्लं अंगावर पीत असतात तोवर कुत्री कोपऱ्यात पडून असते, ते शांतपण नसून थकवा असतो. पिल्लं गेली की झारा पुन्हा स्कूटरबरोबर धावेल.

कारण ती धावते त्याचा आईपणाशी काही संबंधच नाही. १८९९ साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने ही जात बांधायला घेतली, ती तिकडच्या धनगरी कुत्र्यांतून. तिथे मेंढ्या उघड्या शेतांमधून चारत न्यायच्या असत आणि शेतांना कुंपण नसे. पीक कुठे सुरू होतं त्या हद्दीवरून दिवसभर येरझारा घालायच्या, तोंड घालणाऱ्या मेंढीला अडवायचं, वेळ पडली तर दात लावून मागे ढकलायचं, पण जखम करायची नाही, हे त्या कुत्र्याचं काम. आता तुमच्या अंगणाकडे बघा. कुंपणाची कड आहे, कडेने जाणारी स्कूटर आहे, आणि हद्द मोडून पळणारी दोन मुलं आहेत. मेंढ्या तेवढ्या नाहीत. झारा नेमून दिलेलं काम करते आहे, फक्त तिला ते कुणी दिलेलं नाही.

गोव्यात अशा कुत्र्याला खरं काम द्यायला जागा फारशी नाही. सत्तरीच्या डोंगरात गवळी-धनगरांकडे म्हशी-शेळ्यांसोबत असतात ती गावठी कुत्री. बिबट्याची चाहूल देणं हे त्यांचं काम, आणि या हवेत ती तगतात. बाकी कळप हाकणाऱ्या जाती आपल्याकडे येतात त्या घरातलं कुत्रं म्हणूनच. त्यात गैर काही नाही. मात्र हाकण्याची ऊर्मी रक्तात असते, ती पिल्लांत उतरते, आणि फोंड्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधे त्या ऊर्मीचं काय होणार याचा विचार पिल्लं पोटात येण्यापूर्वी करायचा असतो.

टाचांचं आजपासूनच बघा. मुलांना सांगा, झाराने दात लावला की ओरडत पळायचं नाही, जागच्या जागी खांबासारखं उभं राहायचं. हद्द मोडणारं कुणी उरलंच नाही की तिचा खेळ संपतो. सकाळी ऊन चढण्याआधी आणि सांजेला, असं दोनदा तिला अंगणाबाहेर चालायला न्या. आणि डोक्याला काम द्या. करवंटीखाली सुकटाचा तुकडा लपवून ‘शोध’ म्हणायचं, हा खेळ दहा मिनिटांत तिला जितकं दमवतो तितकं तासभराचं धावणं दमवत नाही. मुलं आणि झारा यांना मोठ्या माणसाविना अंगणात सोडू नका, विशेषतः धाकट्याला.

आता तुमच्या शब्दांकडे येते: ‘मुलांत रमणारी पिल्लं’. पिल्लांचा स्वभाव संगोपनाने घडतो, तसा आईबापांकडूनही येतो. आई भित्री असेल तर पिल्लं तिच्या रक्तातून भीती घेतात आणि पहिल्या आठ आठवड्यांत तिच्याकडे बघून ती भीती पक्की करतात. झारा भित्री आहे की नाही, पत्रावरून कळत नाही. पण त्याची उत्तम परीक्षा तुमच्याच घरी होणार आहे, चतुर्थीला. माटोळीखाली वीस-पंचवीस माणसं, घुमट आणि शामेळ, तारस्वरात आरती, बाहेर फटाके, आणि आयुष्यात कधी न पाहिलेले पाहुणे थेट आतल्या खोलीत. त्या वेळी झारा काय करते ते नीट पाहा. कान टवकारून उठली, थोडी भुंकली आणि मग तुमच्या पायाशी येऊन बसली, तर छान. पलंगाखाली शिरून दुसऱ्या दिवशीपर्यंत जेवलीच नाही, किंवा पाहुण्यांच्या अंगावर धावून गेली, तर तिच्यावर प्रेम जरूर करा, पण तिची पिल्लं लहान मुलांच्या घरी पाठवू नका. डॉक्टरांच्या टेबलावर ती कशी वागते हेही बघा. नराचंही हेच. मावसभावाच्या घरी न सांगता जा, त्याला साखळीविना भेटा, आणि तुमची मुलं घरी ठेवून जा.

‘तब्येत उत्तम’ या शब्दांबद्दल. डॉक्टरांनी वजन, अंगावरचे केस, दात, हृदयाचे ठोके बघून ते सांगितलं असणार, आणि तेवढ्यापुरतं ते खरंच आहे. जर्मन शेफर्डमधे जे दुखणं सगळ्यांत जास्त छळतं, ते असं टेबलावर दिसत नाही. खुब्याच्या वाटीत मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसत नाही, सांधा सैल राहतो, झिजतो, आणि पाच-सहा वर्षांचं कुत्रं पायरी चढायला कण्हू लागतं. याला हिप डिस्प्लेजिया म्हणतात. दोन वर्षांची कुत्री उड्या मारत असते तेव्हाही तिचे खुबे वाईट असू शकतात. कळायला मार्ग एकच: भूल किंवा गुंगी देऊन, पाठीवर झोपवून, मागचे दोन्ही पाय सरळ ताणून काढलेला एक्स-रे. जमलं तर त्याच वेळी कोपरांचाही काढून घ्यायचा, कारण कोपराचा दोषही या जातीत आहे. अमेरिकेत खुब्यांचा अंतिम दाखला २४ महिने पूर्ण झाल्याशिवाय देत नाहीत, सांध्यांची वाढ तोवर चालू असते म्हणून. झारा वीस महिन्यांची आहे. शिवाय माजाच्या दिवसांत सांधे थोडे सैल दिसू शकतात, तेव्हा एक्स-रे माजाच्या आसपास काढू नये. म्हणजे तुमच्या हिशेबाने ऑक्टोबर किंवा त्यानंतर.

खुबे चांगले निघाले म्हणजे सगळी पिल्लं चांगल्या खुब्यांचीच होतील असं मात्र नाही. हा दोष अनेक जनुकांचा आहे, त्यात खाणं आणि वाढीचा वेगही येतो. चांगले आईबाप निवडल्याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. पिल्लू घेणाऱ्यांना हेही तुम्हीच सांगायचं.

दुसरं दुखणं याहून कपटी. डीजनरेटिव्ह मायलोपथी: साधारण आठ वर्षांच्या पुढे मागचे पाय घसटायला लागतात, नखं झिजतात, काही महिन्यांत कुत्रं मागून लुळं होतं. वेदना फारशी नसते, पण इलाजही नसतो. याची जनुकीय चाचणी आहे. गालाच्या आतून बोळा फिरवून नमुना प्रयोगशाळेत पाठवतात. दोष असलेलं जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलं तर धोका. म्हणजे एक वाहक आणि एक पूर्ण निर्दोष अशी जोडी चालते. दोन्ही वाहक असतील तर दर चार पिल्लांमागे सरासरी एकाला दोन्हीकडून ते मिळतं. आता हिशेब बघा: दुखणं दिसतं आठव्या-नवव्या वर्षी, पिल्लं होतात दुसऱ्या-तिसऱ्या. नर ठणठणीत दिसतो यावर विसंबलात तर दुखणं उघड होईल तेव्हा नातवंडंसुद्धा जन्मलेली असतील.

काही दुखण्यांना अशी आगाऊ चाचणीच नाही. पोट फुगून पीळ पडणं, स्वादुपिंडातून पाचकरस न येणं आणि त्यामुळे भरपूर खाऊनही कुत्रं खंगत जाणं, ही त्यातली दोन. इथे उपयोगी पडते ती चौकशी. ब्रीडरला फोन करा आणि विचारा, झाराचे आईबाप आहेत का, नसतील तर कशाने गेले, तिची भावंडं कुठे आहेत, कुणाला फिट्स येतात का. ब्रीडर उत्तर टाळत असेल तर तीही माहितीच आहे.

आणि इथे मला तुमच्या बेताची सगळ्यांत जास्त काळजी वाटते. दोन्ही कुत्री एकाच ब्रीडरकडची. ती एकाच बापाची नाहीत ना? केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, कागद असतील तर किमान तीन पिढ्यांची नावं शेजारी-शेजारी ठेवून वाचा. तेच नाव दोन्ही बाजूंना आलं तर थांबा. हे कागद वंशावळ सांगतात, आरोग्याचा दाखला देत नाहीत. पत्रिका छत्तीस गुणांनी जुळली म्हणून थॅलेसेमियाची तपासणी सोडायची नसते, तसंच हे. आणि शेवटी डोळ्यांनीही बघा: उभं राहिल्यावर पाठ कमरेकडे फार उतरलेली, मागचे पाय चालताना लडखडणारे, असा नर कितीही रुबाबदार दिसला तरी नको.

झारा जर्मन शेफर्ड आहे, पण हे सदर वाचणाऱ्यांत कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, बॉर्डर कॉली पाळणारेही आहेत, म्हणून दोन गोष्टी. गोव्यात गोचीड आणि खरूज यांवर आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन सहज दिलं जातं. कॉली आणि तिच्या नात्यातल्या जातींत एमडीआर-१ या जनुकातला दोष बराच आढळतो, आणि तो असलेल्या कुत्र्याच्या मेंदूपर्यंत हे औषध पोहोचतं. मोठ्या मात्रेने कुत्रं बेशुद्ध होतं, दगावतंही. चाचणी करा, आणि तोवर डॉक्टरांना जात ठळक सांगा. दुसरी गोष्ट रंगाची. मर्ल, म्हणजे करडे-काळे ठिपके असलेला रंग, सध्या फार मागतात. मर्ल नर आणि मर्ल मादी एकत्र आणू नयेत. दुहेरी मर्ल पिल्लं बहिरी, आंधळी जन्मण्याची मोठी शक्यता असते. आणि बॉर्डर कॉली फ्लॅटमधे? माझं मत विचाराल तर नको. रील्समधे हुशार दिसणारं ते कुत्रं कामाविना घराचा आणि स्वतःचा छळ करतं.

कायद्याचं थोडक्यात. केंद्राचे कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम २०१७ पासून आहेत. मादी किमान १८ महिन्यांची हवी, ८ वर्षांच्या पुढची नको, वर्षात एकापेक्षा जास्त वेळा पिल्लं नकोत, आयुष्यात पाचाहून जास्त वेळा नकोत, आणि ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तुम्ही म्हणाल, मी विकत कुठे आहे? पण ‘लसींचा खर्च तेवढा द्या’ म्हणून सुरू झालेली रक्कम कुठे जाते ते आपण सगळे जाणतो, आणि नराच्या फीपोटी दिलेलं पिल्लू हाही मोबदलाच. पणजीत पाटोला पशुसंवर्धन खात्यात जाऊन आधी विचारून घ्या. तिथेच धोकादायक जातींच्या यादीचंही विचारा. मार्च २०२४ मधे केंद्राने २३ जातींबाबत जे पत्र काढलं आणि न्यायालयाने जे पुढे रद्द ठरवलं, त्यात जर्मन शेफर्ड नव्हता. कॉकेशियन शेफर्डसारखी कळप राखणारी थोराड कुत्री होती. सोसायटीच्या सेक्रेटरीला मात्र ‘शेफर्ड’ एवढंच ऐकू येतं, आणि तुमचं पिल्लू फ्लॅटमधे जाणार असेल तर गाठ त्याच्याशी आहे.

नियमाने झारा आजच बसते, १८ महिने झालेत. पण जुलैत नको, असं मी स्पष्ट सांगते. तिची तपासणी झालेली नाही हे एक. दुसरं कॅलेंडर: मिलनापासून साधारण ६३ दिवसांनी कुत्री विते, म्हणजे नेमक्या चतुर्थीच्या तोंडावर, घर पाहुण्यांनी भरलेलं, जमिनीला ओल सुटलेली, दिवसाआड वीज जाते आहे. नवजात पिल्लांना स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. पहिला आठवडाभर त्यांची जागा तिसेक अंश उबदार आणि कोरडी लागते. शिवाय पावसाळा म्हणजे गोचीड आणि लेप्टोचा काळ. पुढचा माज जानेवारीच्या सुमारास येईल. तोवर एक्स-रे, बोळ्याची चाचणी, चतुर्थी, सगळं होऊन गेलेलं असेल. पिल्लं मार्चमधे झाली तर उकाडा असेल, पण जमीन कोरडी असेल आणि पाऊस सुरू होण्याआधी पहिल्या लसी टोचून झालेल्या असतील.

सगळं ठीक निघालं आणि तुम्ही ठरवलंच, तर जोडीआधी दोघांचीही ब्रुसेला चाचणी करा. तो संसर्ग मिलनातून पसरतो, गर्भ पडतात, आणि माणसालाही होऊ शकतो. झाराच्या लसी आणि जंताचं औषध आधी उरकून घ्या. गाभण असताना प्रेमापोटी कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की शरीर हाडांतून ते काढायचं विसरतं, आणि पिल्लं पिऊ लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून आईला झटके येतात.

विण्याची जागा घरातल्या शांत खोलीत करा, पडवीत नको. कडेला आतून आडवी पट्टी लावलेली पेटी करून घ्या, म्हणजे आई टेकून बसली तरी पिल्लू भिंतीशी चेंगरत नाही. शेवटच्या आठवड्यात गुदद्वारातून ताप मोजत जा. ३७ अंशांखाली उतरला की बहुधा चोवीस तासांत कळा सुरू होतात. जोरदार कळा देऊनही अर्ध्या तासात पिल्लू बाहेर नाही, पोटात पिल्लं असून दोन तास झाले तरी पुढचं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव आला, यांपैकी काही दिसलं की वाट बघायची नाही. आणि हे बहुधा मध्यरात्री होतं. म्हणून आत्ता विचारा: रात्री दोन वाजता सिझेरियन करायला कोण दार उघडेल, डिचोलीत की म्हापशाला, की थेट पणजीला? गाडी कोण चालवेल? पैसे हाताशी असतील? या प्रश्नाला नाव आणि फोन नंबर हे उत्तर नसेल, तर जोडी लावू नका.

पिल्लांचं रोज त्याच वेळी वजन करा, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. आठ-दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं दोन दिवस वाढलं नाही तर डॉक्टरांना दाखवा. तीन आठवड्यांनंतर त्यांना जग दाखवायला लागा: कुकरची शिट्टी, मिक्सर, छत्री उघडण्याचा आवाज, मुलांचे हात, टोपी घातलेला माणूस. गुळगुळीत टाइल्सवर त्यांना घसरू देऊ नका, गोणपाट किंवा चटई अंथरा. आणि पिल्लू नेणाऱ्यांना बजावा, गुटगुटीत पिल्लू म्हणजे चांगलं पिल्लू हे डोक्यातून काढा. मोठ्या जातीचं पिल्लू भरभर वाढवलं की सांध्यांवर भार येतो. भात आणि माशाचे काटे हे जेवण नव्हे, आणि कॅल्शियमची पावडर इथेही नको.

आता त्या सात जणांकडे वळू. ती यादी घेऊन बसा आणि प्रत्येकाला फोन करा. दिवसा घरी कोण असतं? घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का? चतुर्थीला सगळं घर गावी जातं तेव्हा कुत्र्याचं काय? घरातलं कुणी बोटीवर, आखातात, लंडनला जायच्या तयारीत आहे का? परदेशी निघताना कुत्रं शेजाऱ्याकडे सोडून दिल्याच्या गोष्टी आपल्याकडे गावोगाव आहेत. तुम्ही लिहिलंय की मडगावच्या एकांना ‘गेटला बांधायला’ हवंय. त्यांचं नाव आजच खोडा. साखळीला बांधलेला शेफर्ड राखण करत नाही, चिडका होतो, आणि एक दिवस पोस्टमनला चावतो. मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ज्यांना हवंय त्यांना सांगा, पिल्लाऐवजी यंदा झाराला फिरवायला या, महिनाभर दर रविवारी. आले तर पुढचं बोलू.

पिल्लं किती होतील हे तुमच्या हातात नाही. चारही होतात, दहाही. दहा झाली तर उरलेली कुणाची? आणि त्याहून अवघड प्रश्न: पाच वर्षांनी त्यांतल्या एकाच्या घरी भांडण, आजारपण, बदली काहीही झालं, तर ते मोठं कुत्रं कुठे जाईल? माझ्या मते जबाबदारीने पैदास करणं म्हणजे मुख्यतः एवढंच: कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने ते पिल्लू तुमच्या दारात परत येऊ शकतं, असं तुम्ही प्रत्येकाला लिहून द्यायचं आणि त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. पिल्लाच्या कातडीखाली बसवतात त्या मायक्रोचिपच्या नोंदीत तुमचा नंबर ठेवा. मावसभावाच्या वाट्याचं पिल्लूही त्यात आलं. तो ते पुढे कुणाला देणार हे त्याने आधी सांगायला हवं. हे लिहून द्यायची तुमची आणि यजमानांची तयारी असेल तितकीच पिल्लं तुम्हाला झेपतील. मला वाटतं, फोन करून झाल्यावर सातांतले तीन उरतील.

गळलेल्या चारांसाठी दुसरा रस्ता आहे. गोव्यातल्या निवारा केंद्रांत गावठी पिल्लं तर असतातच, मालकाने सोडलेली जातिवंत कुत्रीही येत राहतात, त्यात शेफर्ड असतात. दोन-तीन वर्षांचं कुत्रं घरी आणताना त्याचा स्वभाव, मुलांशी वागणं, सगळं समोर दिसतं. पिल्लाच्या बाबतीत ते अंदाजानेच घ्यावं लागतं. लहान मुलं असलेल्या घराला मी तर हेच सुचवेन.

मावसभावाशी बोलणं तुम्हाला जड जाणार, हे कळतं. ‘तुझा नर नको’ असं म्हणू नका. म्हणा, दोघांचे एक्स-रे आणि चाचण्या करू, खर्च निम्मा-निम्मा. तो तयार झाला तर उत्तम. ‘एवढं कशाला, आपलीच कुत्री आहेत’ म्हणाला, तर तुम्हाला उत्तर मिळालंच, आणि नातंही तुटलं नाही. सासूबाईंना पुढच्या लसीच्या वेळी दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं त्या मानतील. त्यांचा जीव झारावर आहे, म्हणून तर त्या बोलतात.

तपासण्यांत काही कमी निघालं तर झाराचं गर्भाशय काढून घ्या. माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी ही शस्त्रक्रिया करतात. मोठ्या जातींत वर्षाच्या आत करणं सांध्यांना बाधतं, पण झाराचं ते वय उलटलं आहे. वाईट वाटेल, पण तिला स्वतःला त्याने काहीही कमी पडणार नाही.

आणि जुलैचा माज चुकवायचा ठरवलंत तर ते तीन आठवडे डोळ्यांत तेल घाला. आपल्या गावातले नर पाच फुटी कुंपण सहज ओलांडतात आणि झारादेखील त्या दिवसांत तुमचं ऐकणार नाही. तिला घरात ठेवा, फिरवताना पट्टा दुहेरी लावा, मुलांना मागचं दार उघडं टाकू देऊ नका. रक्त दिसायचं थांबलं म्हणजे संपलं असं समजू नका. गाभण राहण्याचे दिवस बहुतेक वेळा त्याच सुमारास असतात. एवढं करूनही चूक झालीच, तर महिनाभर वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

ऑक्टोबरात एक्स-रे झाला की निकाल कळवा. खुबे कसेही निघाले तरी.